गोड्या पाण्याने धुतलेली गाडी

आमच्या घराच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की चीफच्या आवाराचा दगडी गडगा लागतो. गडग्यापलीकडे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली एक लाल गाडी. मोजून दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. चीफ गेल्यापासून ती हललेली नाही. त्यांचा पुतण्या मुंबईहून येऊन बघून गेला. गिऱ्हाईक येतं, ताडपत्री उचलतं, दरवाजाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतं, बोटाला तांबूस भुकटी लागली की जिभेने च्यक करतं आणि ताडपत्री पुन्हा टाकून निघून जातं. एवढी महागाची गाडी एवढी नवी असताना गंजली कशी, असं प्रत्येक जण मला विचारतो. मी सांगत नाही. सांगायचं तर चीफपासून सांगावं लागेल.

नाव सदानंद नागवेकर. आमच्या वाडीत घरटी एक माणूस जहाजावर. कोणी खलाशी, कोणी फिटर, कोणी भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. पण इंजिनरूमचा मुख्य होऊन रिटायर झालेला हा एकच, म्हणून चीफ. मी तोंडावर काका म्हणायचो. माणूस उंच नव्हता, रुंद होता. दरवाजातून येताना किंचित तिरका होऊन यायचा; घरात आला तरी जहाजाच्या वाटेने चालल्यासारखा. जन्म इंजिनांच्या घरघरीत गेल्यामुळे कान अधू झाले होते आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सगळं जगच बहिरं वाटतं, तसे ते बोलायचे. फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे चीफच्या आयुष्यात काय चाललंय हे वाडीला विचारावं लागत नसे, आपोआप कळायचं.

त्यांना एक खोड होती. लोखंड दिसलं की बोटाच्या पेराने टकटक करायची. गेट, टाकी, पत्र्याची ट्रंक, माझी स्कूटर, काहीही. टकटक करायचे, कान जवळ न्यायचे (त्या कानांना काय ऐकू येत होतं देव जाणे) आणि निकाल द्यायचे. "हे आतून गेलंय." नाहीतर "अजून दहा वर्षं मरण नाही." एका लग्नात मांडवाचे खांब ठोकत ठोकत ते पार बोहल्यापर्यंत गेले होते, आणि मुलीचा बाप घाबरून विचारायला आला होता की मांडव पडणार आहे का. गंज हा त्यांचा जन्माचा वैरी. "गंज आधी आत लागतो," असं ते सांगायचे, "बाहेर येते ती नुसती बातमी." घराच्या गेटाला दरवर्षी खरवडून शेंदरी प्राइमर आणि वर दोन हात रंग. खाऱ्या वाऱ्यावर वाडीतली गेटं चार वर्षांत जाळीदार होतात. चीफचं गेट मात्र मी शाळेत होतो तेव्हा होतं तसंच आजही आहे.

शालिनीकाकी म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. चीफ वर्षातून दोन महिने येणार, आणि बाकीचे दहा महिने काकी त्या घरात एकट्या. रोज सकाळी त्या तांब्याची कळशी घेऊन आमच्या विहिरीवर यायच्या, आईशी बोलत बोलत रहाट ओढायच्या आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन पायऱ्या उतरून जायच्या. दोघींचं बोलणं संपायचं नाही, त्यामुळे आमची सकाळ काकींच्या आवाजानेच सुरू व्हायची. चीफ सुट्टीवर आले की मात्र त्या पहाटेच येऊन जायच्या. नवरा उठायच्या आत घरात सगळं जागच्या जागी असायचं. चीफ पाहुण्यासारखे यायचे आणि काकी त्यांना पाहुण्यासारखं ठेवायच्या. ताटात सुरमई, पाण्याचा तांब्या शेजारी, आणि तक्रार कसली नाही.

त्या लाल गाडीचं वचन काकींना दिलेलं होतं. कुठल्याशा परदेशी बंदरात चीफनी तशी गाडी पाहिली होती. समुद्राच्या कडेचा रस्ता, आत दोनच माणसं, बाईने डोक्याला रुमाल बांधलेला. रिटायर झालो की अशी गाडी घेईन आणि तुला आरे-वारेच्या समुद्राकडेच्या रस्त्याने फिरवून आणीन, असं ते फोनवरून दरवर्षी सांगायचे. काकी आमच्या विहिरीवर येऊन हसत हसत तक्रार करायच्या की दोनच माणसांची गाडी घेतली तर बाजाराची पिशवी कुठे ठेवायची. पण हसताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

चीफ कायमचे घरी आले, गाडीचं बुकिंग केलं, आणि गाडी यायच्या आत काकी गेल्या. आजार लांबलासुद्धा नाही. जन्मभर दहा-दहा महिने वाट बघणाऱ्या बाईने शेवटी मात्र नवऱ्याला वाट बघायला लावली नाही.

बुकिंग रद्द करता आलं असतं. चीफनी केलं नाही. वर्षश्राद्धाच्या आधीच गाडी दारात आली, तेव्हा वाडीने बोलायचं ते बोलून घेतलं. बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि म्हाताऱ्याला लाल गाडी सुचते, वगैरे. चीफना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. आईने खाली जाऊन गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि डावीकडच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला हात घातला. चीफ म्हणाले, राहू दे. ते प्लास्टिक तसंच राहिलं. त्या सीटवर कोणी बसलं नाही. वाडीतल्या पोरांनी कितीही लाडीगोडी लावली तरी नाही, आणि मला तर विचारायचं धाडसच झालं नाही.

रोज दुपार कलली की चीफ गाडी काढायचे, आरे-वारेला एक चक्कर मारायचे आणि परत यायचे. मग पंप सुरू व्हायचा. आपल्या आवारातल्या विहिरीच्या पाण्याचा पाइप घेऊन ते गाडी धुवायला बसायचे. छप्पर, दरवाजे, चाकं, आणि मग उताणे पडून खालचा भाग. आई म्हणायची, म्हशीलासुद्धा कोणी इतकं न्हाऊ घालत नाही. चीफचा हिशेब सरळ होता. जहाजावरचा पहिला धडाच तो: खारं पाणी उडालं की गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ बसू द्यायचं नाही. समुद्राच्या वाऱ्याचं मीठ ते रोज संध्याकाळी गाडीवरून उतरवून टाकत होते. एक दिवस चुकवला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात दरवाजाच्या खालच्या कडेला पहिला फोड आला. तीळ असावा एवढा. चीफनी नखाने उचकटला तर खाली तांबूस. खाली वाकून बघतात तर बोल्ट, बिजागऱ्या, एक्झॉस्टचा पाइप, सगळीकडे तोच प्रकार. मी त्या वेळी गडग्याशी उभा होतो. चीफ उठले आणि घरात गेले. रस्त्यात कोणी थोबाडीत मारावी आणि का मारली ते कळू नये, तसा चेहरा झाला होता.

तिथून पुढे सुरू झाली ती डीलरची कहाणी. डीलर कोल्हापूरचा. रत्नागिरीत त्या कंपनीचा साधा बोर्डसुद्धा नाही. गाडी न्यायला त्यांचा ट्रक यायचा, तो आमच्या वाडीच्या उतारावर उतरायला तयार नसायचा. मग चीफनी गाडी हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत न्यायची, आणि त्यांना परत आणायला मी मागून स्कूटरवर जायचं, कारण त्या दुसऱ्या सीटवर बसायची सोय नव्हती. हायवेच्या खड्ड्यांतून पुढे ती लाल बुटकी गाडी गोगलगायीसारखी, आणि मागे मी. हातखंब्याला चहाच्या टपरीवर आम्ही बसून राहायचो. ट्रकवाला फोनवर सकाळी कोल्हापूरच्या वाटेवरच्या साखरप्यात असायचा आणि दुपारीही साखरप्यातच असायचा. येणारी-जाणारी पोरं गाडीला टेकून फोटो काढायची, चीफ त्यांना गाडीपासून हातभर लांब उभं राहायला सांगायचे. शेवटी गाडी ट्रकवर चढली की चीफ दोऱ्या कशा बांधल्यात ते स्वतः तपासायचे, आणि मग माझ्या स्कूटरवर मागे बसून, माझ्या खांद्याला धरून घरी यायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरलाही गेलो. थंडगार काचेची शोरूम, कॉफीचं मशीन, आणि टाय लावलेला एक सल्लागार. त्याने गाडीखाली डोकं घातलंच नाही. मोबाइलवर फोटो काढले, वर पाठवतो म्हणाला आणि मग अगदी नम्रपणे म्हणाला की सर, तुमची गाडी समुद्रकाठी असते, तिथे असं व्हायचंच, वॉरंटीत बसत नाही. चीफनी ऐकून घेतलं. मग सगळी शोरूम वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "माझी जहाजं समुद्रात असायची. काठावर नाही."

सल्लागाराने विचारलं, गाडी धुता कशाने?

"गोड्या पाण्याने. रोज." हे सांगताना चीफ ताठ झाले होते.

गाडी परत आली ती फोडांवर रंग मारून. लाल म्हणावा असा लाल, पण त्या गाडीचा नव्हे. खालचा गंज कोणी खरवडलाही नव्हता. चीफनी पेराने टकटक केली आणि मला म्हणाले की जहाजावर असं काम करणाऱ्याला मी पुढच्या बंदराला उतरवला असता. फोड पावसाळ्यानंतर पुन्हा वर आले. पुन्हा फोन, पुन्हा हातखंबा, पुन्हा साखरपा. कधी पार्ट आला नाही, कधी वरून परवानगी आली नाही, कधी ज्याला सगळं माहीत होतं तो माणूसच नोकरी सोडून गेला.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला हळूहळू कळत गेली. कंपनीच्या मदत केंद्रातून एक मुलगी फोन करायची. तक्रार चालू असेपर्यंत चौकशी करायची असा त्यांचा नियम असावा. दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन यायचा आणि चीफचा आवाज गडगा ओलांडून आमच्या ओटीवर यायचा. सुरुवातीला तो रागाचा असायचा. मग दरवाजाची चौकशी झाल्यावर तो खाली यायचा, आणि चीफ तिला विचारायचे, जेवलीस का? तिकडे पाऊस आहे का? गाव कुठलं? ती बिचारी अडखळत उत्तरं द्यायची आणि शेवटी, सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, म्हणून विचारायची. चीफ शून्य म्हणायचे आणि लगेच विचारायचे, आता परत कधी करशील फोन? आई पोळ्या लाटता लाटता हात थांबवायची. म्हणायची, भांडायला का होईना, कोणीतरी हाय.

मी एकदा त्यांना म्हटलं, काका, सोडून द्या ना, रत्नागिरीत चांगले रंगारी आहेत. त्यांनी दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दरवाजे नकोत रे मला. त्यांनी एकदा म्हणावं, नागवेकर, तुम्ही गाडी नीट सांभाळलीत, चूक आमची. माझ्या ताब्यात दिलेली एक तरी गोष्ट मी घरी नीट सांभाळली, असं कोणीतरी म्हणायला हवं."

मला तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाची भीती वाटली. म्हणजे त्यांची नव्हे, ते जिथे एकटे उभे होते त्या जागेची.

आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, कंपनी नमली. वरून कोणी साहेब आला, त्याने गाडी उचलून खालून पाहिली, आणि एका दुपारी त्या मुलीने फोनवर सांगितलं की दोन्ही दरवाजे आणि खालचे पार्ट कंपनी बदलून देणार. मे महिन्याच्या अखेरीला गाडी पाठवा. चूक आमची, असं ती म्हणाली नाही, पण जवळपास तसंच काहीतरी म्हणाली. चीफनी तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, म्हणजे आम्हाला ऐकू जावं. त्या दिवशी ते वर येऊन आमच्याकडे चहा प्यायले. चहाबरोबर स्वतःहून लाडू मागून घेतला.

त्याच मे महिन्यात चीफना डबा देणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी नव्हतं. चीफ म्हणाले, मी करून खाईन, जहाजावर काय उपाशी होतो का? दोन दिवसांनी भर दुपारी ते कुकर हातात घेऊन आमच्या पायऱ्या चढून आले. तापलेले. कुकर सदोष आहे म्हणाले. शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि डाळ खड्यासारखी राहते. काल कुकरच्या कंपनीलासुद्धा फोन लावला, ते म्हणतात रबर बदला. हे सगळे एका माळेचे मणी.

आईने झाकण काढलं. दोन बोटांत डाळ धरून दाबली. मग विचारलं, "भावजी, पानी कंच्या इहिरीचं घेतलाव?"

"आमच्याच. नळ कुठे आहे?"

"मग शिजंल कशी? उन्हाळ्यात तुमची इहीर मचूळ हुते. खारं पानी आत येतं. त्या पान्यात डाळ शिजत नाय."

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खालच्या आळीतल्या समुद्राकडच्या विहिरी होळीनंतर मचूळ होतात, आणि तिथल्या बायका पिण्याचं नि शिजवायचं पाणी वरून नेतात. काकी तर सवयीने बारा महिने आमच्याकडूनच न्यायच्या. पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. आणि त्या पाण्याचा गाडीशी संबंध आमच्या डोक्यात आला नव्हता. तो आला चीफच्या डोक्यात, आमच्या देखत. ते आधी डाळीकडे बघत होते, मग त्यांनी खाली शेडकडे बघितलं.

कुकर तिथेच ठेवून ते पायऱ्या उतरून गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी पंप लावला नाही. दोरीला बादली बांधून पाणी वर काढलं, तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं. थुंकून टाकलं नाही. गिळलं.

"जहाजावर सकाळी उठून पहिलं काम काय असायचं माहितीय?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "बॉयलरच्या पाण्यात मीठ किती, ते तपासायचं. सगळी नोकरी ते केलं मी. एक सकाळ चुकवली नाही."

एवढ्यात आई खाली आली होती. चीफनी तिला विचारलं, "ती कधी बोलली नाही मला?"

"काय बोलायचं त्यात? दोन महिन्यांसाठी येनाऱ्या मानसाला कळशी दाखवायची का पानी द्यायचं?"

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती काकींच्या बाजूने सरळ सांगत होती. चीफ विहिरीच्या कठड्यावर बसले. आपल्या घरातलं पाणी कुठून यायचं हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते ज्याला सांगायचं ते माणूस नव्हतं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. आईने घरातून गोड्या पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याशेजारी ठेवला आणि आम्ही वर आलो.

चार वाजता फोन आला. आम्ही ओटीवरच होतो. मुलगी आनंदात होती; दरवाजे कोल्हापूरला आलेत म्हणाली. चीफ म्हणाले, "परत पाठव. चूक माझी आहे. मी मिठाच्या पाण्याने धुतली गाडी."

ती गोंधळली. तक्रार अशी मागे घेतात कशी, हे तिलाही माहीत नव्हतं. चूक गिऱ्हाइकाची, असं लिहायची सोय आमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, असं ती म्हणाली. मग तू सोडवली असं लिही, चीफ म्हणाले. सवयीने तिने विचारलं, दहापैकी किती? चीफनी दहा सांगितले. आणि मग विचारलं, जेवलीस का? पण तक्रार मिटली की फोन आपोआप पुढे जात असावा. एक यांत्रिक बाई इंग्रजीत आभार मानत होती. चीफ तिचंही शेवटपर्यंत ऐकत राहिले.

त्यानंतर चार वाजता खालून आवाज येईनासा झाला. आई पोळ्या लाटताना उगाचच थांबायची. संध्याकाळचा पंपही बंद झाला. चीफनी गाडी धुणं सोडलं, तिच्यावर ताडपत्री घातली. शेडमधला शेंदरी प्राइमर उघडावा, असंही त्यांना वाटलं नाही. डाळीचं मात्र आईने बघितलं. डबा आमच्याकडून जाऊ लागला. पाणीही नेऊन देतो म्हणून मी सांगितलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

जूनमध्ये माझी बदली सावर्ड्याच्या शाळेत झाली. निघायच्या सकाळी मी बॅग घेऊन अंगणात आलो, तर विहिरीशी लाल गाडी उभी. मागच्या बाजूने कच्चा रस्ता वर येतो, तिथून ती पोट घासत चढवलेली. चीफ रहाट ओढत होते. इंजिनांशी जन्म काढलेला माणूस, पण रहाटाचा हात साधत नव्हता, अर्धं पाणी पायांवर सांडत होतं. आई दारातून बघत होती, मदतीला गेली नाही. त्यांनी काकींची तांब्याची कळशी काठोकाठ भरली, फडक्याने बाहेरून पुसली आणि गाडीचा डावीकडचा दरवाजा उघडला.

सीटवरचं प्लास्टिक काढलेलं होतं. चीफनी कळशी सीटवर ठेवली आणि पट्टा ओढून तिच्यावरून लावला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर जरा ओशाळले.

"पट्टा नाही लावला तर गाडी ओरडत राहते," ते म्हणाले. "तिला वाटतं, माणूस बसलंय."

मग ते फिरून आपल्या जागी बसले, आणि पाणी हिंदकळणार नाही इतक्या हळू, डावीकडे बघत बघत, उतार उतरून गेले.